मारुतीरावांचा चकचकीत झुला

व्हय, येतं की वाचता. मराठी चौथी पास हाय, कोगनोळीच्या शाळंत. सहीबी करतो. तेव्हा ती अंगठ्याची शाई झाकून ठेवा हवालदार, उगंच वाळाय लागलीया.

नाव तारामती कलगोंडा मगदूम. वय काय लिवायचं ते तुमच्या आईला विचारा. जयाबाई आणि मी एका वर्षाच्या. ती स्वतःचं चाळीस सांगत असंल तर माझंबी चाळीसच लिवा, तिला एकटीला तरुण कशाला ठेवायची? बरं, शेहेचाळीस. धंदा घरकाम न्हाय, खोडा ते. धंदा लोखंडी सामानाचं दुकान. साखळी, खिळे, कड्या, तारेचे दोर, मोटेची चाकं. राहणार निपाणी, तंबाखूच्या वखारीमागं, पुढं दुकान आणि मागं घर. धनी वारून अकरा वर्षं झाली. तवापासनं दुकान मीच बघतो.

समक्ष विचारलं म्हणून सांगतो ते असं. फौजदारसायेब म्हणलेत, बाई बोलंल तसं उतरा. तर तसंच उतरा गुंडूबाबा. मी 'गेलतो' म्हणलं तर त्याचं 'गेले होते' करू नका. आमच्याकडं बायका अशाच बोलत्यात. चिकोडीच्या कोर्टात वाचताना दुसरीच कोणतरी बाई बोलतीया असं वाटाय नको.

विजयी मार्तंड सर्कस आमच्या गावात आली पितरांच्या पंधरवड्यात, दसऱ्याच्या आधी बारा-तेरा दिवस. तंबू वखारीपलीकडच्या मैदानात, माझ्या दुकानापास्नं हाकेच्या अंतरावर. मालक मारुतीराव. पहिला खेळ दसऱ्याला संध्याकाळी करायचा असं ठरवून आलेले. त्येच्या आधी शुभ न्हाय म्हणं. मारुतीराव मुहूर्त बघितल्याबिगार शिंकत न्हाईत, ह्ये लिवा. न्हाय लिवायचं? बरं, ऱ्हाऊ द्या.

नागोजी जाधव ह्येंची माझी ओळख सर्कस आली त्याच दिवशी झाली, सकाळी नवाच्या सुमाराला. आधीची ओळख न्हाय. त्यो मूळचा जांबोटीकडचा. तिकडं पाऊसच एवढा बोलतो की माणसं गप बसायला शिकत्यात. सर्कशीत त्येचं काम असं, की उंचावर जे जे टांगायचं ते त्येनं टांगायचं, आणि टांगायच्या आधी तपासायचं. वीस वर्षं त्येच काम. त्येच्या हातनं टांगलेल्या झुल्यावरनं वीस वर्षांत एकबी माणूस पडलेलं न्हाय. ह्ये मात्र लिवा.

त्यो आला आणि म्हणला, "बाई, एक भोवरकडी दाखवा." भोवरकडी म्हंजे जिच्यात दोर गरगरा फिरला तरी पीळ पडत न्हाय ती. मी दहा काढून ठेवल्या. त्येनं एकेक कडी दोरीला टांगली, पान्यानं टिचकी मारली आणि कान लावून ऐकत बसला. चांगलं पोलाद ठण्ण करून वाजतं आणि वाजत ऱ्हातं. चीर असली की ठब्ब करून गप होतं. दहातल्या सात नापास केल्या त्येनं. मी म्हणलं, "आण्णा, मला बघायला पाहुणे आलते त्येंनीबी एवढी तपासणी केली न्हवती." त्यो हसला न्हाय. म्हणला, "आक्का, तुम्हास्नी उंचावर टांगायचं न्हवतं."

मग तारेचा दोर बघितला. खिशातनं जुनं मऊ फडकं काढलं आणि दोरावरनं ह्या टोकापास्नं त्या टोकापतोर फिरवलं. मी म्हणलं, "दुकान झाडायला ठेवू का तुम्हास्नी?" तर म्हणला, "आतली एक तार जरी तुटली असली तरी फडकं अडकतं. डोळ्याला दिसत न्हाय ते फडक्याला सापडतं." अकरा वर्षं मी तारेचा दोर विकतोय, मला ह्ये ठाऊक न्हवतं. आता मी रोज फडकं फिरवतो. दुकानातला निम्मा दोर बाजूला काढलाय, तो आता कपडे वाळत घालायला विकतो.

किती वेळा आला म्हणतासा? चार-पाच वेळा. सहा लिवा. बरं बाबा, रोज. काय घेतलं? एक भोवरकडी. सगळ्या दिवसांत मिळून एक. मग रोज कशाला यायचा ते त्येलाच विचारा की, तुमच्याकडंच आत बसवलाय न्हवं.

मारुतीराव दुकानात आले ते घटस्थापनेनंतर चार-पाच दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमाराला. बरोबर दोन गडी, आणि गड्यांच्या खांद्यावर मखमलीत गुंडाळलेला नवा झुला. झुला म्हंजे दोन तारेच्या दोरांच्या मधी आडवी पोलादी दांडी, तिच्यावर बसून, लोंबकळून, उडी मारून पोरी खेळ करत्यात. ह्यो नवा झुला मुंबईच्या कुणा एजंटाच्या चित्रांच्या पुस्तकातनं मागवलेला. मखमल बाजूला केली तर मला माझंच तोंड दिसलं त्यात. वरनं निकेलचा मुलामा. मारुतीराव म्हणले, "बघा तारामतीबाई, ह्येला म्हणत्यात पोलाद! तुमच्या दुकानातला माल म्हंजे विहिरीवरचं सामान. बत्तीच्या उजेडात ह्यो असा चमकंल की मामलेदारसायेब डोळं मिटतील."

मी म्हणलं, "डोळं मिटूनच बघायचा असंल तर चांगलाच हाय."

गुंडूबाबा, हसू नका, लिवा.

नागोजी तिथंच हुता. कडी परत बघायला आलता. त्येनं दांडी दोरीला टांगली आणि पान्यानं टिचकी मारली. मधी वाजली बरी. टोकाला आली तशी ठब्ब. त्येनं नखानं टोकावरचा मुलामा खरवडला. आत पिवळं दिसलं. दांडी मुळात पोकळ नळीची, आणि दोर अडकवायच्या दोन्ही कड्या नळीला नुसत्या पितळंच्या झाळंनं चिकटवलेल्या. कळशीला कान चिकटवत्यात तशा. नागोजी म्हणला, "मालक, नळी पोकळ असली तरी चालतंय, सायकलबी पोकळच असती. पण ह्येची कडी झाळंवर हाय. घडीव न्हाय. झोक्याला टिकायची न्हाय."

मारुतीराव म्हणले, "तुझ्या कानात मळ हाय."

नागोजी म्हणला, "असंल. पण शालनला मी ह्येच्यावर चढू द्यायचा न्हाय. ह्यो झुला तुटणार."

ह्यी वाक्यं दुकानाबाहेर उभ्या असलेल्या आठ-नऊ लोकांनी ऐकली. त्येंचेबी जबाब तुम्ही घेतलेत, आणि त्या वाक्यावरच त्येला धरलंय. फौजदारसायबांना सांगा, पाऊस येणार म्हणणाऱ्याला पाऊस पाडला म्हणून धरायचं म्हणलं तर जांबोटीचं सगळं गाव आत टाकाय लागंल.

शालन म्हंजे झुल्यावरची पोरगी. वय एकोणीस, कंग्राळीची. उभी ऱ्हायली तर वाऱ्यानं हलंल अशी, पण वर गेली की तिला बघताना माणसाच्या मानेला कळ लागती. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडं दाभण घ्यायला आली. मी विचारलं, "काय गं, तू चढणार त्या चकचकीवर?" म्हणली, "आक्का, मालक चढ म्हणत्यात तर चढायचं. नागोजीआण्णा न्हाय म्हणत्यात. दोघंबी मोठी. मी कुणाचं ऐकू?" मी म्हणलं, "पडशील म्हणतो त्येचं ऐक." हसली. दाभण घेऊन गेली. तिची आई तिकडं कंग्राळीत असती, तिला ह्यातलं काय ठाऊक न्हवतं.

वजनाचा हिशोब फौजदारसायबांनी विचारला म्हणून सांगतो. ह्यो हिशोब मला नागोजीनं समजावून दिला, माझ्या दुकानाच्या पायरीवर. शालनचं वजन म्हंजे ज्वारीचं अर्धं पोतं. पण अर्धं पोतं गप लोंबकळत असलं तर अर्धं पोतं. त्येनं झोका घेतला, वरनं उडी मारून परत दांडी धरली, की हिसका बसतो, आणि तवा त्येच अर्धं पोतं दोन-अडीच पोत्यांएवढं होतं. माझ्या लगेच ध्यानात आलं. विहिरीत भरलेली घागर सावकाश वढली तर दोर टिकतो, आणि तीच घागर वर आल्यावर हातनं सुटून परत खाली गेली की दोर काडकन् तुटतो. पाणी तेवढंच असतं. ह्ये निपाणीतल्या कुठल्याबी बाईला कळतंय. मारुतीरावांनी आयुष्यात पाणी वढलेलं न्हाय, ह्येच अडचण.

नागोजीनं मागितलं एवढंच हुतं, की दांडीला वाळूची दोन पोती बांधा, आणि तासभर मला झोका देऊ द्या. माणसाच्या आधी वाळू चढती, ह्यो त्येचा नेम. मारुतीराव म्हणले, करतो तपासणी. केली. दोन पोती टांगली, आणि चहा पिऊन होईपतोर ठेवली. पोती गप हुती. मग फोटोवाल्याला बोलवून पोत्यांशेजारी उभं ऱ्हाऊन फोटो काढला. नागोजी म्हणला, "मालक, झोका?" मारुतीराव म्हणले, "पोती काय सर्कशीत काम करणार हैत व्हय रं?"

मग ठरलं की खंडेनवमीला सकाळी झोका देऊन बघायचा. मी स्वतः ऐकलं. मारुतीरावांनी सगळ्यांसमोर शब्द दिला.

आता खंडेनवमीचं. तुम्हीबी बंदुका मांडल्या असतीला ठाण्यात, हळद-कुंकू वाहिलं असंल. आमच्या दुकानात मी तराजू, हातोड्या, मापं मांडतो. पण पूजेची रीत काय? हत्यार आधी घासायचं, धार बघायची, तेल द्यायचं, मोडकं असंल तर बाजूला काढायचं, आणि मग मांडायचं. एकदा मांडलं की सीमोल्लंघनापतोर त्येला हात लावायचा न्हाय, ते हलवायचं न्हाय. मारुतीरावांनी काय केलं? नागोजी वाळूची पोती घेऊन यायच्या आधी, सकाळी साताला, नवा झुला चौरंगावर मांडला. हळद, कुंकू, झेंडूच्या माळा, वर नारळ. नागोजी आला तर म्हणले, "आता देवाचा झाला. उद्या खेळाच्या वक्तालाच उचलायचा." झुल्याला झोका देण्यापेक्षा झुल्याचा देव करणं सोपं, न्हाय का? सर्कशीतली सगळी माणसं देवभोळी. सगळ्यांनी झुल्यालाच हात जोडले. वीस वर्षं ज्येनं एक माणूस पडू दिलं न्हाय, त्येनं पोती परत नेऊन ठेवली.

आणि ती कोपऱ्यात पडलेली जुनी काळी दांडी, एका तुकड्यात घडवलेली, जिच्यावर शालन चार वर्षं खेळली, ती पूजेत मांडली न्हाय. का? चमकत न्हाय म्हणून.

खंडेनवमीला दुपारी मी कुठं हुतो? दुकानात. दुकान बंद हुतं, पूजा हुती. बरोबर कोण? तराजू. दोन हातोड्या. सव्वाशे कड्या. त्येंचाबी जबाब घ्या.

दसऱ्याला संध्याकाळी पाचाला मी तंबूत गेलतो. पुढल्या खुर्चीवर बसलतो. बाई असून पुढं का बसली असं जर कुणी म्हणत असंल तर लिवा, की मला लांबचं दिसत न्हाय. मामलेदारसायेब मधल्या खुर्चीवर, बाजूला म्युनिसिपालटीचे मेंबर, एकेकाच्या फेट्यात सोनं. बत्त्या उजेडातच पेटवलेल्या, झुला चमकावा म्हणून. बँड वाजत हुता. शालन कपडे घालून पडद्याआड उभी हुती, पडद्याखालनं तिचे पाय दिसत हुते. ते पाय मी बघत हुतो.

मारुतीराव आले. अंगावर सात पदकं, त्यातलं एक तरी त्येंनी स्वतः मिळवलेलं असंल. चौरंगासमोर हात जोडले. मग झुला माळांसकट उचलला, दोन्ही हातांनी डोक्यावर धरला, आणि म्हणले, "मायबाप सरकार, ह्ये विलायती पोलाद! ह्येला ऐरावत लोंबकळला तरी..."

ऐरावत लागलाच न्हाय. माळा तुटल्या, दोन्ही कड्या दोरांसकट त्येंच्या हातात ऱ्हायल्या, आणि दांडी सुटून त्येंच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडली. झेंडूची फुलं मामलेदारसायबांच्या मांडीवर. बँडवाले थांबले. एकटा पिपाणीवाला डोळं मिटून वाजवत ऱ्हायला. मामलेदारसायबांनी शेजाऱ्याला विचारलं, "हा कार्यक्रमाचाच भाग का?" शेजारी म्हणला, "असंल साहेब, विदूषक हाय वाटतं." त्यावर टाळ्या पडल्या. मीबी वाजवल्या. ह्ये मी लपवत न्हाय.

त्या दिवशी शालन झुल्यावर चढली न्हाय. खेळ मोडला. तिला मी घरी नेलं, दूध दिलं. पिऊन तिथंच झोपली. तेवढं बरं झालं.

अंगठ्याला फडकं बांधल्यावर मारुतीराव वरडले, "नागोजी! त्येनंच कापला! त्यो आधीच म्हणलता!" आणि अर्ध्या तासात तुमची माणसं आली. नागोजी त्या वक्ताला पडद्यामागं जुन्या दांडीला फडकं पुसत बसला हुता. उठला, फडक्याची घडी केली, खिशात ठेवली आणि चालू लागला.  त्येला बोलायची सवयच न्हाय, सांगितलं न्हवं.

पंचनाम्यात तुम्ही लिवलंय 'चांदीची दांडी एक, तुटलेली'. गुंडूबाबा, चांदीची न्हवं ती. नळी हाय, तव्यापेक्षा पातळ. तुमच्यासारखा शिकलेला हवालदार जिथं फसतोय तिथं मारुतीरावांना काय बोलायचं?

दांडी सरळ तुटली, म्हंजे कुणीतरी कापलीच, असं फौजदारसायबांचं म्हणणं. माझं म्हणणं असं, की झाळ सुटली की सरळच सुटती. कळशीचा कान सुटतो त्यो काय वाकडा सुटतो? झाळ आधीच कच्ची, त्यात दोन पोती लोंबकळवलेली, त्यात मारुतीरावांचं भाषण. तुटला असंल आपणहून. अकरा वर्षं लोखंड विकणाऱ्या बाईचं ह्ये मत हाय, आणि ते लिवून घ्या. नागोजीवर कसला गुन्हाच ऱ्हात न्हाय. त्येला सोडा, आणि मारुतीरावांना सांगा की मुंबईच्या एजंटाला पत्र टाका. माझं सांगून झालं. आता वाचून दाखवा, सही करतो आणि जातो. दुकान उघडायचंय.

काय?

कधी कबूल केलं?

सकाळी आठाला? म्हंजे मी इथं पायरीवर बसलतो तवाच? मला बोलवणं पाठवलंय ह्ये त्येला कुणी सांगितलं? तुम्ही? काय म्हणलासा त्येला, 'दुकानवाल्या बाईचाबी जबाब घ्यायचाय' असं? आणि मग त्येनं तोंड उघडलं. बारा दिवसांत ज्येनं धड बारा वाक्यं बोलली न्हाईत त्येनं.

काय लिवलंय त्यात, वाचा. 'खंडेनवमीला दुपारी, सर्व मंडळी जेवणात असताना, मी एकटाच तंबूत जाऊन...' पुढं वाचू नका. आणि त्याखाली त्येनं अंगठा उठवला? आणि उद्या त्येला चिकोडीला नेणार?

जरा पाणी द्या गुंडूबाबा. न्हाय, चहा नको. पाणी.

बरं. मी बोललो ते वाचा आता, पहिल्यापास्नं.

वाचलासा. मी कान देऊन ऐकलं. अक्षर चांगलं हाय तुमचं, जयाबाईनं मारून शिकवलं त्येचा उपयोग झाला. मारुतीरावांचं सगळं बरोबर हाय, पोत्यांचं बरोबर हाय, पदकांचंबी बरोबर हाय. दोन वाक्यं खोटी हैत. ती खोडू नका, खाली दुसरी लिवा, म्हंजे कोर्टाला दोन्ही दिसतील.

पहिलं असं, की खंडेनवमीला दुपारी मी दुकानात न्हवतो. दुकानात, म्हंजे दुकानामागच्या माझ्या घरात, नागोजी जाधव जेवायला बसला हुता. पुरणाच्या पोळ्या मी केलत्या. त्येला वाढलं, वर तूप वाढलं, आणि 'शेजारी नारळ द्यायचाय, आलोच' म्हणून मी गेलतो. परत आलो तवा त्यो तसाच बसला हुता, पोळी गार झालती, मी येईपतोर खाल्ली न्हवती. त्यामुळं त्यो तंबूत न्हवता. बंद दुकानात विधवेच्या घरी परका माणूस, ह्ये आता सगळ्या निपाणीला कळंल. कळू द्या. मोठ्या अक्षरात लिवा.

दुसरं असं, की झुला आपणहून तुटला न्हाय. शेजारी न जाता तंबूत गेलतो, दुकानातली करवत घेऊन, आणि दोन्ही टोकं मी पार कापली, झाळंच्या कडंनं, आणि वर झेंडूच्या माळंनं गच्च बांधून ठेवली, की जो पहिल्यांदा उचलंल त्येच्याच हातात यावीत, पोरीच्या न्हाय. झुला मी कापला. नागोजीला सोडा.

(सही) तारामती कलगोंडा मगदूम